द्राक्षबागेच्या मातीत साठणारे तांबे : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तर

निफाड, दिंडोरी आणि तासगाव भागांतील द्राक्ष बागायतदारांच्या प्रश्नांचा रोख सारखाच आहे. जुन्या बागेत शेंड्याची पाने पिवळी पडतात, फेरस (लोह) देऊनही ती हिरवी होत नाहीत, पांढरी मुळी (अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळे) चालत नाही. अशा वेळी दुकानदार सांगतो तशी कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी करावी, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतावे का? काहींनी शेततळ्यातील शेवाळासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याबद्दलही विचारले आहे.

दोन्ही करू नये. दोन्हींत तांबे आहे आणि जुन्या बागेच्या मातीत ते बोर्डोच्या फवारण्यांमुळे आधीच साठलेले असते.

एक टक्का बोर्डो (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि त्यात सुमारे 250 ग्रॅम तांबे. एकरी 400 लिटर फवारले की एका फवारणीत एक किलो तांबे बागेत उतरते. कीटकनाशक कालांतराने विघटित होते, तांबे मात्र कुजत किंवा विघटित होत नाही. ते वरच्या काही इंचांत, नेमक्या पांढऱ्या मुळीच्या थरात साठते. युरोपीय संघाने तिथल्या शेतकऱ्यांवर सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे एकरी वर्षाला साधारण 1.6 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. ती आपल्याला लागू नसली, तरी आपल्याकडे दोन पूर्ण फवारण्यांतच ती ओलांडली जाते, हे लक्षात घ्यावे.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तांबे बरेचसे बांधलेले राहते, म्हणून दुष्परिणाम उशिरा दिसतो. त्यातच 'सामू (पीएच) कमी करा' या सल्ल्यावर ठिबकमधून वारंवार ॲसिड सोडले की बांधलेले तांबे मोकळे होते, लोहाचे शोषण अडते आणि मुळ्या आखूड व तपकिरी होतात. मग फेरस चिलेट विकले जाते, ते लागू पडले नाही की आळवणी सुचवली जाते. एकाच आठवड्यात ट्रायकोडर्मा आणि तांब्याची आळवणी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या मी अनेक बागांत पाहिल्या आहेत; तांबे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा बुरशी आहे, एवढे तरी विकणाऱ्याने पाहावे! चुनखडीमुळेही पाने अशीच पिवळी पडतात, म्हणून मुळी उकरून पाहिल्याशिवाय व माती तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

नमुना बोदावरून (वेलीच्या ओळीतील मातीच्या उंच वरंब्यावरून) 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटीमीटर असा वेगवेगळा, प्लास्टिकच्या बादलीत घ्यावा. वरच्या थरात तांबे कितीतरी जास्त आले तर ते फवारणीचे आहे. मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत तांबे आहे, नमुना सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्यावा. परंतु पत्रिका कमतरता पाहते, 0.2 पीपीएमच्या वर सर्वच 'पुरेसे', म्हणून शेरा न वाचता आकडा वाचावा.

बोर्डो बंद करा असे माझे म्हणणे नाही. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर खोड-ओलांड्यांवर (खोड व आडव्या फांद्यांवर) आणि पावसाळ्यात पाने जून झाल्यावर तो उपयोगी आहे. मात्र ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटींवर, फुलोऱ्यात किंवा पाने लवकर सुकत नाहीत अशा ढगाळ हवेत तो मारू नये. 'डाऊनी (केवडा रोग) जोरात आहे, प्रमाण दुप्पट करा' हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. प्रमाण दुप्पट केल्याने डाऊनी दुप्पट आटोक्यात येत नाही, पाने मात्र करपतात. फेलफुटी (अनावश्यक फुटी) वेळेवर काढून कॅनॉपी (पानांचा विस्तार) मोकळी ठेवली तर फवारण्या आपोआप कमी होतात.

तांबे जास्त आढळलेल्या बागेत माझा आग्रह तागाचा राहील. पावसाळ्यात दोन ओळींत ताग पेरावा, फुलोऱ्यापूर्वी कापून बोदावर पसरावा आणि दरवर्षी हेच करावे, कारण सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतो आणि गांडुळे परत येतात. कोंबडीखत मात्र जपून वापरावे; कोंबड्यांच्या खाद्यात तांबे मिसळलेले असते.

शेततळ्यात मोरचूद टाकल्यास तेच पाणी ठिबकमधून बोदात जाते आणि मासे असतील तर मरतात. शेवाळ जाळीने काढावे. ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी विहिरीजवळ किंवा ओढ्यात धुऊ नये आणि उरलेला बोर्डो एकाच झाडाखाली ओतू नये. लागेल तेवढाच, त्याच दिवशी कालवावा.