हिबानाम्यातली 'कब्जा दिला' ही ओळ

प्रश्न: माझं माहेर निपाणी, सासर गडहिंग्लज. अब्बांनी २०११ साली शंभराच्या बाँडवर हिबानामा, म्हणजे देणगीचा कागद, लिहून राहतं घर, रस्त्याकडचे दोन गाळे आणि मागची तंबाखूची वखार एकुलत्या भावाच्या नावे केली. कागद रजिस्टर नाही. अब्बा २०१९ मध्ये गेले. मागे आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. त्यानंतर भावाने घरीच एका कन्नड कागदावर माझी सही घेतली आणि नगरपालिकेत स्वतःचं नाव लावलं. अडीच वर्षांपूर्वी त्याच्या वकिलाची नोटीस आली, की अब्बांनी हयातीतच वाटणी करून दिली आहे, तुमचा हक्क नाही. मी उत्तर दिलं नाही. आता मुफ्तीसाहेबांकडून फतवा आणला आहे, की मुलामुलींत भेदभाव करणं गुनाह आहे. हा फतवा लावून हिबा रद्द होईल का? दावा गडहिंग्लजला करता येईल का?

उत्तर: ताई, अशी पत्रं मला हुक्केरीहून येतात, संकेश्वरहून येतात, खुद्द बेळगावातूनही येतात. माणसं वेगळी असतात, पण बापाने केलेला हिबा, भावाच्या ताब्यातलं घर आणि बहिणीच्या हातातला फतवा एवढं सगळ्यांत सारखं असतं. म्हणून मुलीला वाटा आहे की नाही, हिबा म्हणजे काय, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

आधी फतव्याचं. मुफ्तीसाहेबांनी नुमान बिन बशीर यांची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, दिली आहे आणि ती बरोबर दिली आहे. नुमानच्या वडिलांनी त्यांना एकट्याला देणगी दिली. आईचा आग्रह होता, पैगंबरांना साक्षी ठेवा. पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही, असं उत्तर आल्यावर त्यांनी अल्लाहचं भय बाळगून मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं आणि वडिलांनी देणगी मागे घेतली. या एका प्रसंगावरून आलिमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, शतकानुशतकं चर्चा झाली आहे. इमाम अहमद बिन हंबल यांच्या पंथात मुलांना सारखं देणं वाजिब, म्हणजे बंधनकारक, मानतात. इमाम अबू हनीफा यांच्या पंथात एकालाच देणं मकरूह, म्हणजे नापसंत, आहे, पण दिलेली देणगी टिकते. आपल्या भागातले बहुतेक सुन्नी हनफी आणि कोर्टही त्यांच्यापुरता हाच अर्थ लावतं. अब्बांनी केलं ते योग्य नव्हतं, असं मीही म्हणेन. पण बापाने अन्याय केला एवढ्याने हिबा रद्द होत नाही. शिवाय फतवा कोर्टावर बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तो जपून ठेवा, समाजातल्या बैठकीत उपयोगी पडेल. दाव्याचा पाया म्हणून नको.

तुम्हाला वेगळी रिवायत, म्हणजे परंपरेने आलेली हकिगत, लागणार आहे. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहात ती आहे. हजरत अबू बकर यांनी आपल्या मुलीला, हजरत आयेशांना, खजुराच्या पिकातून वीस वसक (धान्य-खजूर मोजायचं जुनं माप) द्यायचं ठरवलं होतं. अखेरच्या आजारपणात त्यांनी मुलीला जवळ बोलावून सांगितलं, की तू ते तोडून ताब्यात घेतलं असतंस तर ते तुझं झालं असतं, आज मात्र तो वारसांचा माल आहे, कुराणाप्रमाणे वाटून घ्या. सगळ्यांत लाडक्या लेकीला, शब्द दिलेला असताना, खलिफाने असं सांगितलं. हनफी कायद्यात हिब्याला इजाब (देतो असं सांगणं), कबूल (घेणाऱ्याचा होकार) आणि कब्जा (ताबा देणं) असे तीन खांब लागतात. त्यातल्या तिसऱ्या खांबामागे हा प्रसंग आहे. नुमान यांच्या हदीसमध्ये बापाने कसं वागावं हे सांगितलंय, तर इथे देणगी पुरी कधी होते हे सांगितलंय. कोर्ट दुसरा प्रश्न विचारतं.

म्हणून तुमचं सगळं प्रकरण त्या हिबानाम्यातल्या एका ओळीवर उभं आहे. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्समध्ये शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: 'मिळकतीचा कब्जा आजच दिला आहे.' ही ओळ तुम्ही वाचलीत आणि पुढे गेलात. पत्राची दोन पानं मात्र कागद रजिस्टर नाही यावर खर्च केलीत. तो मुद्दा सोडून द्या. संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम १२९ मुसलमानी हिब्याला नोंदणीच्या सक्तीतून बाहेर ठेवतं आणि हफीजा बीबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं, की तिन्ही गोष्टी झाल्या असतील तर हिबा कागदावर लिहिला तरी नोंदणी लागत नाही.

'कब्जा दिला' ही ओळ मात्र तुमच्या अंगावर येणार आहे. देणाऱ्याने स्वतः तसं लिहून ठेवलं असेल तर ते खरं आहे असं कोर्ट सुरुवातीला धरून चालतं आणि तुम्ही वारस म्हणून त्याच देणाऱ्यामार्फत हक्क सांगत असल्यामुळे ते तुम्हालाही लागू पडतं. हे गृहीतक खोडता येतं, पण खोडायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे २०११ ते २०१९ ही आठ वर्षं मालक म्हणून कोण वागलं, ते तुम्ही दाखवायचं.

इथे मिळकतीचे तीन भाग वेगवेगळे बघा. राहत्या घराच्या बाबतीत तुमची बाजू अवघड आहे. देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत असतील तर बापाने वळकटी उचलून बाहेर जावं असं कायदा म्हणत नाही. ताबा सोडल्याचं दाखवणारं एखादं उघड कृत्य असलं तरी पुरतं. भावाचे वकील याच्यावरच जोर देतील. गाळ्यांचं तसं नाही. तिथे भाडेकरू आहेत. भाडेकरू असलेल्या मिळकतीचा कब्जा देणं म्हणजे भाडेकरूंना सांगणं, की आजपासून भाडं मुलाला द्या. तुम्ही लिहिता, अब्बा शेवटपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला खुर्ची टाकून बसायचे आणि भाडं स्वतः घ्यायचे. त्यांच्या सहीच्या पावत्या त्या दोन भाडेकरूंकडे आजही असतील. त्या पावत्या फतव्यापेक्षा शंभरपट मोलाच्या आहेत आणि तुम्ही अजून त्या दुकानांची पायरी चढला नाहीत याचा मला खरोखर राग येतो.

वखारीचा पुरावा त्याहून पक्का आहे आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलाय: २०१४ साली अब्बांनी वखार गहाण टाकून पतसंस्थेचं कर्ज काढलं. ताई, तीन वर्षांपूर्वी देऊन टाकलेली वस्तू माणूस स्वतःच्या नावाने गहाण कशी ठेवतो? गहाणखतात 'माझ्या मालकी व वहिवाटीची मिळकत' असं अब्बांच्या सहीने लिहिलेलं असेल तर 'कब्जा दिला' या ओळीला त्यांच्याच सहीचं उत्तर मिळालं. सबरजिस्ट्रारकडून २०११ पासूनची ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, काढा. गहाणखत नोंदलेलं असेल तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. नगरपालिकेचा उतारा वर्षवार मागा, हेस्कॉमच्या वीजबिलावर २०१९ पर्यंत कुणाचं नाव होतं ते बघा. या दोन्हींनी मालकी सिद्ध होत नाही, पण वहिवाट दिसते.

कोर्ट कब्ज्याकडे किती बारकाईने बघतं, ते आपल्याच राज्यातल्या प्रकरणात दिसतं. कलबुर्गीजवळच्या कुसनूरच्या जमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला. तिथे मुलीनेच आईकडून मिळालेला तोंडी हिबा सांगितला होता. ताबा आणि वहिवाट दाखवता आली नाही, दावाही उशिरा आला, आणि मुलगी हरली.

भावाच्या नोटिशीतला 'हयातीतच वाटणी' हा शब्द त्याने जपून वापरायला हवा होता. मुसलमानी कायद्यात बाप जिवंत असताना वारसाला हक्कच नसतो, मग वाटणी कशाची? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्याच प्रकरणात हे पुन्हा सांगितलं आहे. वाटणी म्हणाल तर ती कायद्यात नाही आणि हिबा म्हणाल तर कब्जा दाखवा, असं भावाला म्हणता येतं.

कन्नड कागदावरच्या सहीबद्दल मी आज ठाम बोलणार नाही, कारण त्यात काय लिहिलंय हे तुम्हालाही माहीत नाही. सीमाभागात राहून, वाचता न येणाऱ्या लिपीतल्या कागदावर 'भाऊ आहे' म्हणून सही करणाऱ्या किती बहिणी मी बघितल्या आहेत! तो हक्कसोड असेल तर स्थावर मिळकतीचा हक्कसोड नोंदणीशिवाय टिकत नाही आणि सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात तुम्ही कधी गेला नाहीत असं लिहिता. पण तिकडून त्याला 'आधीच झालेल्या घरगुती तडजोडीची नोंद' म्हटलं जाईल आणि मग वाद वाढेल. सही करताना किंवा नंतर पैसे, दागिने काही घेतलं असेल तर तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. उलटतपासात ते बाहेर आलं तर सगळंच बिघडतं.

वाट्याचं गणित: कर्ज आणि आईंचा मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची लग्नातली रक्कम) राहिला असेल तर तो आधी. उरलेल्यात आईंचा आठवा हिस्सा, बाकीच्यात भावाला दोन भाग आणि प्रत्येक बहिणीला एक. म्हणजे ३२ पैकी आईंचे ४, भावाचे १४, तुमचे ७, धाकटीचे ७. अब्बांचे आईवडील आधीच वारले होते असं धरून हे सांगतोय.

दावा गडहिंग्लजला चालणार नाही. मिळकत जिथे, कोर्ट तिथलं. किमतीवरून नेमकं कुठलं कोर्ट ते ठरेल. कोर्ट फी किती लागेल हे तुम्ही स्वतःला सामाईक ताब्यात म्हणता की बाहेर काढलेली म्हणता यावर अवलंबून आहे, म्हणून दाव्यातलं ते वाक्य घाईत लिहू देऊ नका.

आता नोटिशीचं. तिला उत्तर न देणं ही तुमची सगळ्यांत मोठी चूक. हक्क नाकारल्याचं तुम्हाला त्या दिवशी लेखी कळलं. हक्क जाहीर करून मागायला मुदत कायद्याच्या ५८व्या अनुच्छेदाप्रमाणे तीन वर्षं असतात. हा मुळात वाटपाचा दावा आहे, सहवारसाचा ताबा सहजासहजी विरोधी ठरत नाही, १२ वर्षं मिळतात, असं मी तुमच्या बाजूने म्हणू शकेन आणि बहुधा ते टिकेलही. पण 'बहुधा'वर घर लावू नका. तीन वर्षं पुरी व्हायला सहाएक महिने आहेत. त्याच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. आई, भाऊ आणि धाकटी बहीण तिघेही त्यात पक्षकार हवेत. सोबत मिळकत विकू नये म्हणून मनाईचा अर्ज.

शेवटचं आईंबद्दल. गाळ्यांचं भाडं कोण घेत होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत आणि भावाकडे राहतात. असे दावे खालच्या कोर्टात दहा-दहा वर्षं चाललेले मी बघितले आहेत, मग अपील, मग धारवाडचं हायकोर्ट. साक्षीची पाळी येईपर्यंत साक्षीदार राहत नाही, आणि त्या उशिराची किंमत नेहमी पुरावा द्यायची जबाबदारी असलेला भरतो. दावा दाखल होताच आईंची साक्ष लवकर, गरज पडल्यास कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत घरी, नोंदवण्याचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा. त्या मुलाविरुद्ध बोलतील की नाही मला माहीत नाही, आणि तुम्ही त्यांच्यावर दडपण आणू नका. एवढंच विचारा: अम्मी, पाच तारखेचे पैसे कुणाच्या हातात यायचे?

येताना नोटीस घेऊन या. ती ज्या पाकिटातून आली ते फेकलं नसेल तर तेही आणा. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यातली तारीख मला बघायची आहे.