जर्मन मुलांच्या तोंडून 'इफ आय वुड' जाता जात नाही, त्याबद्दल

शेजारच्या दोन जर्मन मुलांना तुम्ही इंग्रजी शिकवता. 'इफ'च्या, म्हणजे जर-तरच्या वाक्यांच्या तीनही प्रकारांचा तक्ता त्यांना पाठ आहे, गाळलेल्या जागा बिनचूक भरतात, आणि बोलायला लागले की 'इफ आय वन'च्या जागी पुन्हा 'इफ आय वुड विन'. मी इथे प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग घेते, तिथेही हेच. तक्ता आणखी घोटवून उपयोग नाही, कारण या चुकीचं मूळ त्यांच्या जर्मनमध्ये आहे.

जर्मनमध्ये कल्पनेतलं वाक्य असलं की दोन्ही भागांत क्रियापदाचं तेच रूप येतं. आपल्याला हे नवं नाही: 'माहीत असतं तर आलो असतो', दोन्हीकडे 'अस'. (आपल्याकडेही 'इफ आय वुड हॅव नोन' सर्रास ऐकू येतं, ते उगाच नाही.) पण जर्मनमध्ये एक मेख आहे. 'असणे', 'जवळ असणे', 'शकणे' यांची जुनी रूपं, म्हणजे वेरे, हेटे, क्योन्टे, रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत, आणि ती 'वेअर', 'हॅड', 'कुड' यांच्या इतकी जवळची आहेत की तिथे मुलं फारशी अडखळत नाहीत. बाकीच्या बहुतेक क्रियापदांची तशी रूपं एक तर पुस्तकी वाटतात किंवा साध्या भूतकाळासारखीच दिसतात, म्हणून बोलताना सरळ 'व्युर्डे', म्हणजे 'वुड', लावतात: 'वेन इश गेविनन व्युर्डे' ('वेन' म्हणजे इथे 'जर'). तेच शब्दशः इंग्रजीत आलं की 'इफ आय वुड विन'.

म्हणून 'इफ आय हॅड टाइम', 'इफ आय वेअर यू' यांवर तास घालवू नका. विन, बाय, गो, लूज, फाइंड असली क्रियापदं घ्या.

माझा हुकमी खेळ साखळीचा. पहिला म्हणतो, 'इफ आय वन द लॉटरी, आय'ड बाय अ बोट.' दुसऱ्याने तिथूनच उचलायचं: 'इफ आय बॉट अ बोट, आय'ड सेल टु नॉर्वे.' तिसरा: 'इफ आय सेल्ड टु नॉर्वे...' जे क्रियापद आत्ता 'वुड'सोबत ऐकलं, तेच पुढच्या क्षणी 'वुड' सोडून भूतकाळात न्यायचं. नेमकी हीच उडी त्यांना जमत नसते. माझ्या वर्गातले एक निवृत्त आजोबा बोटीपाशी दर वेळी थांबायचे, ओठांनी आधी 'वुड' बांधायचे, मग गिळायचे आणि 'बॉट' म्हणायचे. चौथ्या आठवड्यात ते थांबणं गेलं. खेळ भरभर चालवा. विचार करायला वेळ दिला की पुन्हा तक्ता आठवायला लागतात.

जर्मन शाळांत एक शाब्दिक कोटी प्रसिद्ध आहे: 'वेन-झेट्से झिंट व्युर्डेलोस', म्हणजे 'वेन'च्या वाक्यांत 'व्युर्डे' नको. 'व्युर्डेलोस'चा दुसरा अर्थ प्रतिष्ठा नसलेला. बोलताना हा नियम तेही पाळत नाहीत, पण मुलं तो ऐकून असतात. इंग्रजीत तो पाळा म्हटलं की हसतात आणि लक्षात ठेवतात.

दुसरा घोळ खुद्द 'वेन'चा. त्यात 'जर' आणि 'जेव्हा' दोन्ही मावतात, त्यामुळे रोज घरी जाणारा मुलगाही 'इफ आय कम होम' म्हणतो. 'वेन'च्या जागी 'फाल्स' (म्हणजे फक्त 'जर') घालून बघायला सांगा. अर्थ तोच राहिला तर 'इफ', विचित्र वाटला तर इंग्रजी 'व्हेन'. दहा वाक्यांत जमतं.

अमेरिकन मालिका बघणारं एखादं पोर म्हणेलच, 'त्यात तर इफ आय वुड हॅव नोन म्हणतात.' म्हणतात, खरं आहे. बोलण्यात चालतं, परीक्षेत गुण जातात, एवढंच सांगा आणि पुढे चला.

स्वल्पविराम मी बोलण्याच्या तासाला काढतच नाही. जर्मनमध्ये तो दोन्ही क्रमांत लागतो, इंग्रजीत 'इफ'चा भाग मागे गेला की सहसा लागत नाही. लेखी परीक्षेच्या आधी पंधरा मिनिटांत उरकतं.