हॉलसाठी ऑफव्हाइट, आयव्हरी की फिकट करडा? शेडकार्डवर तिन्ही सारखेच दिसतात, निवडायचं कसं?

तुम्ही दिलेली माहिती एवढी: हॉलला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी, फरशी क्रीम, रात्री ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी (केल्विन हे उजेडाच्या झाकेचं माप: आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळट), भिंतीवर सध्या हिरवा रंग, आणि शेडकार्डवरून निवडलेले तीन रंग. एवढ्यावरून फिकट करडा मी आत्ताच बाद करेन. आयव्हरी आणि ऑफव्हाइट यांचा निकाल मात्र कार्ड बघून लावू नका. त्याआधी दिवे बदला आणि नमुन्याची फळी करून बघा.

फिकट रंगाच्या डब्यात जवळजवळ सगळा पांढरा बेस असतो, रंगद्रव्य अगदी थोडं. त्यामुळे भिंतीवर तो स्वतःचा रंग कमी दाखवतो आणि आजूबाजूचा जास्त उचलतो: खिडकीतलं आकाश, बाहेरची झाडं, फरशी, रात्रीचे दिवे. गडद निळा कुठल्याही खोलीत निळाच राहतो. फिकट करडा एका खोलीत करडा, दुसरीत निळसर, तिसरीत चक्क जांभळट दिसतो.

तुमच्याकडे करड्याला निळं करणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून ऊन जवळपास येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. रात्री ६५०० केल्विनचे दिवेही निळसरच. आणि क्रीम फरशी शेजारी असली की डोळ्याला करडा आहे त्याहून थंड वाटतो. करडा हवाच असेल तर ज्याच्यात थोडा तपकिरी मिसळलेला आहे असा घ्या, साधा करडा नको. पश्चिमेची खिडकी असती तर गोष्ट उलटी झाली असती: दुपारनंतरच्या पिवळट उन्हात आयव्हरी भडक वाटतो आणि करडा छान शांत दिसतो.

उजेड कमी म्हणून शुभ्र पांढरा द्या, असा सल्ला हमखास मिळेल. तो फारसा खरा नाही. पांढऱ्यावर उजेडच पडला नाही तर तो परत फेकणार काय? अशा भिंतीचे कोपरे राखाडी आणि मळकट दिसतात. एका खिडकीच्या खोलीत किंचित उबदार झाक असलेला ऑफव्हाइट जास्त उजळ वाटतो.

शेडकार्डच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीत बहुतेक वेळा एलआरव्ही हा आकडा असतो. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड भिंत परत फेकते, ते तो सांगतो. शुभ्र पांढऱ्याचा साधारण ८५ च्या वर, ऑफव्हाइटचा ७५ ते ८५ आणि फिकट रंगांचा ६० ते ७५ असतो. तुमच्या हॉलला ७२ ते ८२ च्या दरम्यानचा रंग बघा. पण हा आकडा फक्त उजेडाचं प्रमाण सांगतो, झाक सांगत नाही. ७८ चा गुलाबीसर ऑफव्हाइट आणि ७८ चाच हिरवट ऑफव्हाइट हे दोन वेगळे रंग आहेत.

खरी निवड करायची असते ती झाकेची. कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. नुसतं पाहिल्यावर पांढरं वाटणारं कार्ड तिथे लगेच पिवळट, गुलाबी किंवा हिरवट मारायला लागतं. तरीही कळलं नाही तर त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग बघा, कारण बहुतेक वेळा एका पट्टीत एकाच कुळातले रंग असतात. मग ते कार्ड फरशीला टेकवून उभं धरा. आडवं ठेवू नका. आडव्या कागदावर छताकडून उजेड पडतो, उभ्यावर बाजूने, आणि तुमची भिंत उभी आहे. क्रीम फरशी बारकाईने बघितली तर ती एकतर पिवळट असते नाहीतर गुलाबीसर. गुलाबीसर फरशीवर हिरवट झाकेचा आयव्हरी आला की दोन्ही मळलेले वाटतात. कुणालाही नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता दिवे. रंग आधी की दिवे आधी, याचं उत्तर दिवे आधी. ६५०० केल्विनखाली आयव्हरीची ऊब निघून जाते आणि पिवळट रंग हिरवट दिसू शकतात. २७०० खाली तोच आयव्हरी लोण्यासारखा पिवळा होतो. हॉलसाठी ३००० ते ४००० केल्विन ठीक. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त आहे ना, तेही बघा. ८० च्या दिव्याखाली रंगांमधला बारीक फरक नीट दिसत नाही. दोन वेगवेगळ्या केल्विनचे दिवे एकाच हॉलमध्ये ठेवलेत तर एकाच भिंतीचे दोन रंग दिसतील.

नमुना थेट हिरव्या भिंतीवर लावू नका. हिरव्याच्या शेजारी कुठलाही ऑफव्हाइट गुलाबीसर भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल पॅरिसमधल्या गोबेलँ या चित्रांचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात धागे रंगवण्याचं काम बघत होता, तेव्हा काळ्या लोकरीचा रंग फिका दिसतो अशा तक्रारी आल्या. त्याने शोधून काढलं की रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगाने डोळा फसत होता. तुमच्या भिंतीवरही तेच होईल. शिवाय भिंतीवर लावलेल्या नमुन्याची कड नंतर वरून रंग दिला तरी उठून दिसते.

त्यापेक्षा दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, प्रत्येक रंगाचे दोन. प्रायमरचा एक हात, मग कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडून रंगाचे दोन हात, शक्यतो भिंतीला वापरणार त्याच रोलरने. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या आणि निर्णय दुसऱ्या दिवशीच घ्या, कारण इमल्शन ओलं असताना दुधट दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. मग फळी खिडकीसमोरच्या भिंतीला लावून बघा, आणि खिडकी ज्या भिंतीत आहे तिलाही. ही दुसरी भिंत उजेडाच्या विरुद्ध असते, म्हणून तिच्यावर रंग सगळ्यात गडद वाटतो. सकाळी, दुपारी, दिवे लावायच्या आधी संध्याकाळी आणि रात्री दिव्यात, असं चार वेळा बघा. एकाच रंगाच्या दोन फळ्या कोपऱ्यात काटकोनात उभ्या केल्या की आणखी एक गोष्ट कळते. भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि झाक गडद होते. म्हणूनच कार्डवर सौम्य वाटलेला पीच चारही भिंतींवर गुलाबी होऊन बसतो. आवडलेल्या रंगात झाक ठळक असेल तर एक पायरी फिकट घ्या.

छताचा विचार इथेच करा. भिंत ऑफव्हाइट आणि छत झगझगीत पांढरं असेल तर भिंत जुनाट वाटते. भिंतीचाच रंग निम्म्या तीव्रतेने छताला दिला की हा त्रास जातो. मशीनवर रंग करून देणारे ५० टक्के करून देतात. दारं-चौकटींना पांढरा ऑइल पेंट देणार असाल तर तो काही वर्षांत पिवळा पडतो, उजेड कमी मिळतो तिथे लवकर. पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या.

चकाकी कमी ठेवा. बाजूच्या एकाच खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हा चकाकत्या भिंतीवर पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. मॅट सगळं झाकतो पण त्यावरचे डाग पुसताना चकाकीचे चट्टे पडतात. हॉलला मॅटपेक्षा किंचित चकाकणारा, धुता येणारा इमल्शन बरा.

नुसत्या फिकट रंगाने भिंतीचे दोष लपत नाहीत. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा; उंचवटे आणि खड्डे सावलीने दिसतात. तिथे पुट्टी भरून १८० ते २२० नंबरच्या पेपरने घासा, धूळ पुसा, मग प्रायमर. ओलीची शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी साचलं तर भिंतीत ओल आहे, बाहेरच्या बाजूला साचलं तर ती हवेची. ओल थांबवल्याशिवाय रंग दिलात तर पोपडे येतातच, आणि ऑफव्हाइटवर पिवळे डागही उठतात. पाण्याचे जुने डाग साध्या प्रायमरमधून वर येतात, त्यावर डाग अडवणारा प्रायमरच हवा.

हिरव्यावर प्रायमर न देता ऑफव्हाइट दिलात तर तीन-चार हातांनंतरही हिरवट छटा राहू शकते. प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन पुरतात, पण रंगात पाणी डब्यावर सांगितलंय तेवढंच घालू द्या. पाणी जास्त झालं की पहिल्या दिवशी भागल्यासारखं वाटतं आणि वाळल्यावर जागोजागी खालचा रंग डोकावतो. पांढऱ्या रंगात बाटलीतला स्टेनर हाताने ओतून शेड करायला तर साफ नकार द्या. पहिला डबा संपला की तोच रंग परत जमत नाही. मशीनवर, शेडच्या कोडनेच बनवून घ्या. आणि एका कंपनीचा कोड दुसरीच्या बेसमध्ये काढू नका, झाक बदलते.

किती लागेल? समजा हॉल १२ बाय १५ फूट, उंची १० फूट. चारही भिंती मिळून ५४ गुणिले १०, म्हणजे ५४० चौरस फूट. तीन बाय सातचं एक दार आणि सहा बाय चारची खिडकी वजा केली की ४९५ उरतात. डब्यावर एका हाताला लिटरमागे ११० चौरस फूट लिहिलं असेल, तर दोन हातांना ९ लिटर, म्हणजे १० लिटर घ्या. लिहिलेला आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे आधी वाचा; घोटाळा इथेच होतो.

लहान डबे घेतले असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करा. एकाच कोडच्या दोन डब्यांतही अगदी बारीक फरक असू शकतो, आणि भिंतीच्या मधोमध डबा बदलला की तो दिसतो. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर कोड, बेस आणि बॅच नंबर लिहून. पुढे कुठे खरवडलं तर वर्ष-दोन वर्षांनी नुसता ठिपका लावलेला ठिगळासारखा दिसेल, त्यामुळे ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा.