लांबलेल्या साठीची पायवाट

प्रश्न : माझा जन्म जुलै १९६५ चा. साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा माझे चारही शाळासोबती पेरणीच्या घाईत होते आणि पुढे त्यांच्यापैकी एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली, त्यामुळे वाढदिवस राहूनच गेला. आता जानेवारीत सर्वांना घेऊन बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या आमच्या जुन्या वाटेने पायी फिरावे आणि वावरातच जेवावे, असे मनात आहे. पत्नीच्या मते हा शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार आहे. आपले मत काय? पहाटे अंधारातच निघावे का? आणखी एक अडचण अशी की, चौघांपैकी दोघांचे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बिनसलेले असून त्यांच्यात बोलणे नाही. दोघांनाही बोलवावे का?
— एक निवृत्त शिक्षक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : वहिनींच्या मताचा मान राखूनही आम्हाला ते पटत नाही, आणि आमच्या बाजूने पंचांग आहे. संवत्सरांची नावे साठ असतात व साठ वर्षांनी तेच नाव फिरून येते. आपला जन्म शके १८८७ मधला, म्हणजे विश्वावसू संवत्सरातला. शके १९४७ चे नावही विश्वावसूच असून ते १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्याला संपते. तोवर आपली साठी शिळी होत नाही. शिवाय ऐन जुलैत हा बेत जमलाच नसता, कारण डवरणी आणि निंदण सोडून कोणी आले नसते आणि काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेत, चिखलाने जड झालेले पाय उचलण्यातच दिवस गेला असता.

तारीख मात्र आपल्या सोयीने ठरवू नका. जानेवारीत कोणाची तूर सोंगायची असते, कोणाच्या कपाशीची वेचणी उरलेली असते, आणि ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात हरभऱ्याला किंवा गव्हाला रात्रभर ओलीत करून आलेला माणूस सकाळी फिरायला नव्हे, झोपायलाच योग्य असतो. चौघांना आधी विचारा आणि जो दिवस त्यांना मोकळा असेल तो आपला वाढदिवस माना.

पहाटे अंधारात निघण्याचा विचार कृपया सोडून द्या. बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला असून त्याच्या हद्दीत मनास वाटेल तसे पायी हिंडता येत नाही, आणि वाघ, बिबट हद्दीच्या पाट्या वाचून थांबत नाहीत. त्याहून मोठा धोका तारांचा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी वावराभोवती तारा ओढलेल्या असतात. सौर झटका मशीनचा धक्का बसून सुटतो, परंतु काही ठिकाणी बेकायदा सोडलेला विजेचा प्रवाह जीव घेतो. म्हणून ऊन अंगावर येऊ लागल्यावर निघावे, पांदण सोडून कोणाच्या वावरातून आडवे जाऊ नये, ज्यांच्या शेताजवळून जायचे त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि दिवस कलण्यापूर्वी गावात परतावे. आपली जुनी वाट जंगलाच्या काठाने जात असेल तर ती गावाच्या बाजूला वळवून घ्या. बालपणी तेथे काही झाले नाही, हा युक्तिवाद आता चालणार नाही.

किती चालायचे, हे शस्त्रक्रिया झालेल्या मित्राने त्याच्या डॉक्टरांना विचारून सांगावे. जेवणाची जागा अशी निवडा की तेथपर्यंत बैलबंडी येऊ शकेल, म्हणजे परतीची सोय होते. मात्र त्याला एकट्याला बंडीत बसवू नका. आणखी एकाने पाय दुखत असल्याचे सांगून त्याच्याशेजारी बसावे. पॅन्टच्या तळाला आणि मोज्यांना कुसळे चिकटतात, म्हणून मोजे जाड घ्यावेत.

जेवणाबाबत आपण काही विचारलेले नाही, पण जानेवारी म्हटल्यावर हुरड्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोयाबीन आल्यापासून आपल्या भागात ज्वारी कमी झाली आहे, त्यामुळे कोणी पेरली आहे, याची चौकशी आतापासूनच करा. दाणा दुधाळपणा सोडून घट्ट होऊ लागला, पण नखाने अजून दबतो, एवढ्या मोजक्या दिवसांतच खरा हुरडा मिळतो. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी करावी, धूर सरून निखारे राहिल्यावर कणसे गरम राखेत खुपसावीत आणि भाजताच काढून तळहातांवर चोळावीत. हात पोळतात, फोलपट फुंकताना डोळ्यांत जाते, आणि हिरवा, वाफाळता दाणा लसणाच्या चटणीबरोबर संपतो तेव्हा पुढचे कणीस कोणाचे यावर भांडण होते. त्याच निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे लावावेत, सोबत वांग्याची भाजी असावी. हे सगळे पाचही पुरुषांनी करावे. वहिनींना पहाटे उठवून डबे भरायला लावणार असाल तर त्यांची कढीची उपमा आम्हालाही मान्य करावी लागेल. केक, शाल, श्रीफळ आणि भाषणे यांना फाटा द्यावा.

राहिला धुऱ्याचा प्रश्न. दोघांनाही बोलवावे, परंतु दुसरा येणार आहे हे प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगावे. फसवून समोरासमोर आणल्यास एक जण अर्ध्या वाटेतून परत फिरेल आणि त्याचा राग आपल्यावर निघेल. समेट घडवून आणण्याचे काम आपण अंगावर घेऊ नये. त्यांची हद्द कायम करायला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आहे, आणि ते काम वाढदिवसाच्या दिवशी होणारे नाही. दोघांना कामे मात्र अशी वाटून द्या की बोलण्यावाचून गत्यंतर राहू नये : एकाने आगटी सांभाळावी, दुसऱ्याने कणसे आणून द्यावीत. आणि वाट आखताना तो धुरा मात्र टाळा.