न्हाणीघराच्या टाइल्स आणि गोणीतली पॉलिमर पावडर

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. न्हाणीघराच्या भिंतींना मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावायच्या आहेत. कडिया (गवंडी) म्हणतो, नुसतं सिमेंट पुरे. दुकानदार पॉलिमर पावडरचं अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) घ्या म्हणतो आणि वर ती पावडर पाण्यात मिसळते असंही सांगतो. मग रोजच्या पाण्याने टाइल्स सुटणार नाहीत का?
— एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. बांधकाम रसायनांच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली. तिथे नवी मुलंही आधी हेच विचारायची.

व्हिनाइल अॅसिटेट आणि इथिलीनपासून केलेलं दुधाळ पॉलिमर गरम हवेत फवारून वाळवतात, दुधाची भुकटी करतात तसं. कणांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचं वेष्टन असतं, म्हणून पाणी घातलं की ते पुन्हा सुटे होतात. पण अॅडहेसिव्हमधलं सिमेंट ते पाणी ओढून घेतं. कण दाटीने जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि सिमेंटच्या जाळीत चिवट पापुद्रा धरतो. तो परत सुटा होत नाही. ओला राहिला तर थोडा मऊ पडतो, एवढंच.

कडियाचं म्हणणं जुन्या सिरॅमिक टाइल्सना लागू होतं. त्या पाणी पितात, सिमेंट त्यांच्या छिद्रांत शिरून घट्ट बसतं. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्काही पाणी शोषत नाही. तिथे पॉलिमरच धरून ठेवतं.

जर्मनीच्या वॅकर कंपनीने 1957मध्ये अशी पावडर बाजारात आणली. त्याआधी पातळ लॅटेक्स, म्हणजे न वाळवलेलं दुधाळ पॉलिमर, साइटवर नेऊन सिमेंटमध्ये घालावं लागे आणि प्रमाण मिसळणाऱ्याच्या हातावर. आता ते कारखान्यातच ठरतं. माझ्या मते या शोधाचं खरं मोल यात आहे.

गोणीवर आयएस 15477 (टाइल अॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप वाचून घ्या. टाइप 1 नको, त्यावरचा हवा. घर जुनं म्हणजे गिलावा बहुधा चुन्याचा. तो भुसभुशीत असेल तर विटेपर्यंत काढून सिमेंटचा करा, नाहीतर टाइल गिलाव्यासकट खाली येईल. टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसायला लावा. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबू देऊ नका. खाचांच्या थापीने सगळीकडे सारखा थर हवा. पहिली टाइल लावल्यावर लगेच उपटून बघा. पाठ कोपऱ्यांसकट भरलेली दिसली, तरच पुढचं काम करू द्या.