सोमवारी सकाळी कुठे जायचं?

“ताई, हा घरात असून घरात नसतो. काही बोललं की चिडतो, नाही बोललं तरी चिडतो. नुसतं ‘आराम कर’ म्हटलं तरी उठून जातो. माझं काय चुकतंय?”

फोन इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या बाजूचा होता. बाई मूळच्या सांगलीच्या, इथे फिजिओथेरपिस्ट. नवरा यॉर्कशरचा, रग्बी लीगचा व्यावसायिक खेळाडू, तेरा हंगाम खेळून चौतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला. (दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी लीड्समध्ये समुपदेशन करते, पण माहेर साताऱ्याचं, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. माझे मामा फौजेतून चाळिशीच्या आत पेन्शनवर आले. पहाटे साडेचारला उठून अंगण झाडायचे. झाडून झालं की पुन्हा झाडायचे. आम्ही पोरं हसायचो.

या खेळाबद्दल थोडं सांगते. रग्बीचे दोन प्रकार, युनियन आणि लीग. लीग तेरा जणांचा. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्या संघाकडे. कबड्डी पाहिलेल्याला पकड समजावून सांगावी लागत नाही, पण इथे शंभर किलोचा गडी धावत येऊन अंगावर आदळतो. आघाडीचा खेळाडू ८० मिनिटांत असे तीस-चाळीस जण सहज अडवतो. १८९५ साली हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब युनियनपासून वेगळे झाले. वाद होता तो शनिवारी खेळण्यापायी बुडणाऱ्या मजुरीचा. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना ती भरून द्यायची की नाही, एवढाच. गिरणगावातल्या कबड्डीशी ज्यांच्या घराचं नातं आहे त्यांना हे लगेच कळेल. पैसा आजही फुटबॉलसारखा नाही. खालच्या श्रेणीतले बरेच खेळाडू दिवसा प्लंबिंग किंवा बांधकाम करतात आणि संध्याकाळी सरावाला जातात.

तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, “बायकोने पाठवलं म्हणून आलोय.”

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या वाटेने गेले. टाळ्या, प्रेक्षक, पेपरातलं नाव हे सगळं गेल्याचं दुःख असणार, असं धरून चालले. तो हसला. “प्रेक्षक? निम्मे तर मला शिव्याच द्यायचे.”

मग हळूहळू निघालं. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. करार वाढवणार नाही, हे त्याला शेवटच्या आठवड्यांत दहा मिनिटांच्या बैठकीत सांगितलं गेलं. ऑक्टोबर बरा गेला, कारण तो दरवर्षीच मोकळा असायचा. नोव्हेंबरात पुढच्या हंगामाचा सराव सुरू झाला आणि याचा फोन वाजेना. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला कुणी काढलं नव्हतं. पोरांनी नवा ग्रुप काढला होता.

त्याला आठवण यायची सोमवार सकाळची. ठणकणारी अंगं घेऊन सगळे एका खोलीत बसायचे, व्हिडिओवर कुणाची पकड सुटली ते बघायचे आणि त्याची यथेच्छ टर उडवायचे. किती वाजता उठायचं, काय खायचं, कुठला शर्ट घालायचा, हे तेरा वर्षं दुसऱ्याने ठरवलेलं. मी त्याला आठवड्याचा तक्ता भरायला दिला. त्याने एकच चौकट भरून आणली: गुरुवार, कचऱ्याचा डबा बाहेर.

तिसऱ्या भेटीत त्याने दार नीट लागलंय ना ते पाहिलं. “किल्ल्या विसरतो. माणसांची नावं विसरतो. रॉबसारखं होईल का?”

लीड्समध्ये रॉब म्हटलं की आडनाव लागत नाही. रॉब बरो, साडेपाच फुटी, या खेळाच्या मानाने चिमुकला. लीड्स ऱ्हायनोज क्लबकडून आठ ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकून २०१७ मध्ये निवृत्त झाला. २०१९च्या डिसेंबरात त्याला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं, ज्यात नसा निकामी होऊन स्नायू हळूहळू दुबळे होतात. मित्र केव्हिन सिनफिल्डने २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून संशोधनासाठी पैसा उभा केला. २०२३च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला हातांवर उचलून शेवटची रेषा ओलांडली. पुढच्या जूनमध्ये रॉब गेला, वय ४१.

“घाबरू नकोस, तुला काही होणार नाही” असं मी म्हणाले नाही. ते मला ठाऊक नव्हतं. डोक्याला वारंवार बसलेल्या माराने मेंदूची हानी होऊ शकते, आणि त्यातल्या एका आजाराचं पक्कं निदान तर मृत्यूनंतरच होतं. पण विसरायला होण्याची साधी कारणंही असतात. झोप पहाटे तीनला, झोपेच्या गोळ्या, गुडघ्यासाठी वेदनाशामक, वर बिअर. हे सगळं कागदावर लिहून त्याला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं. शिवाय सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? या खेळात तो प्रश्न टाळून चालत नाही. २०१० मध्ये माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू टेरी न्यूटनने आयुष्य संपवलं, आणि त्यानंतर या खेळातल्याच माणसांनी ‘स्टेट ऑफ माइंड’ ही संस्था उभी केली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नाही. पण कुणी विचारलं हे बरं झालं.” (असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे.)

तपासण्यांत आजाराची खूण सापडली नाही. गोळ्या कमी झाल्या, झोप आली, नावं बरीचशी परतली. वर्षातून एकदा तपासणी आहेच. भीती पुरती गेली म्हणाल तर नाही.

आता त्याच्या बायकोच्या प्रश्नाचं. त्याला विचारलं, ‘आराम कर’ ऐकून नेमकं काय होतं? म्हणाला, “कोच हे कुणाला म्हणतो माहीत आहे? ज्याला संघात घ्यायचं नाही त्याला.”

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडल्या, मग चिडल्या. “आणि मी? तेरा वर्षं याचे सामने बघून माझ्या सुट्ट्या ठरल्या. दिवाळी कधी करायची तेसुद्धा.” चूक नव्हतीच त्यांची. मी एवढंच सुचवलं की आराम कर, काळजी करू नको, हे शब्द काही दिवस बंद. त्याऐवजी वार आणि वेळ सांगून काम. मंगळवारी साडेसहाला मुलीला पोहायला ने. बुधवारी माझा डबा तू भर.

सहा महिन्यांनी तो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. सोबतची पोरं एकोणीस-वीसची. चहा आणायचं काम याच्याकडे, आणि वायर चुकली की टर ठरलेली. हे सांगताना तो पहिल्यांदाच दिलखुलास हसला.

शेवटच्या फोनवर मी त्या बाईंना विचारलं, “आता कसं चाललंय?”

“भांडतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “आधी हंगामात सवडच नसायची.”