थकवा, थक्क आणि थकबाकी

विश्रामबागेतून विचारणा आली आहे: ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ला मराठीत जुनाट थकवा म्हणावं की चिरथकवा?

आधी त्या ‘क्रॉनिक’चं बघू. मिरजेत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर दहा मिनिटं बसा, ‘लै क्रॉनिक केस हाय’ कानावर पडतंच. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं गंभीर. क्रॉनिक म्हणजे गंभीर नव्हे हो! ग्रीक क्रोनोस म्हणजे काळ. क्रॉनिक म्हणजे रेंगाळलेलं, जुनाट. या आजाराच्या निदानाला सहसा सहा महिन्यांची अट घालतात, ती त्यामुळेच.

आता थकवा. थकणे म्हणजे मुळात दमणे नव्हेच, थांबणे! प्राकृतातलं ‘थक्कइ’ म्हणजे उभा राहतो. बंगाली ‘थाका’ म्हणजे राहणं. आपण थक्क होतो तेव्हा जागच्या जागी थबकतो, घाम कुठे येतो? एक कोशप्रेमी स्नेही थकण्याचं मूळ ‘स्थग्’मध्ये आहे म्हणून हटून बसलेत. स्थग् म्हणजे झाकणं. ‘स्थगित’चा मराठी अर्थ बघून संस्कृत धातू ठरवायचा, ही उलटी गंगा झाली. टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडावा. थकणे आणि थाका तिथे एकाच घरात नांदतात.

आणि त्याच घरातली आमची थकबाकी! देशी ‘थक’ला अरबी ‘बाकी’ जोडलेली. उसाचं बिल थकतं, सोसायटीचा हप्ता थकतो, फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागते. माझ्या मते या आजाराचं सगळं मर्म या शब्दात आहे. आमच्या वहिनींना हा आजार आहे. सोमवारी त्यांनी बसून दोन जुड्या मेथी निवडली. मंगळवार बरा गेला. बुधवारी वेणी घालायला हात वर जाईना. श्रमाची वसुली अशी एक-दोन दिवसांनी, व्याजासकट होते. हीच या आजाराची मुख्य खूण. म्हणून तर 2015 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने थकव्याला नावातूनच काढून ‘श्रम न सोसणं’ पुढे आणलं. पण 1988 पासून रुळलेलं नाव हटलं नाही.

वैद्यमंडळी ‘क्लम’ सुचवतात. सुश्रुताची व्याख्या सुरेख आहे: आयास न करता आलेला, धाप न लावणारा श्रम. पण इथे आयास केल्यावरच तर पुढचं रामायण घडतं! अर्धाच बसतो तो शब्द.

उपचारांत ‘पेसिंग’ म्हणतात त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: हातचं राखून वागणं. एरवी कामचुकाराला ऐकवतो आपण. इथे तेच पथ्य, झेपेल त्याच्याही आतच थांबायचं. ‘रोज थोडा व्यायाम वाढवा, होईल सवय’ सांगणाऱ्यांनी ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची 2021 ची मार्गदर्शिका बघावी. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार तिने नाकारलाय. बरा करणारं औषध अजून नाही.

हां, प्रश्न राहिलाच. जुनाट थकवा म्हणा. ‘चिर’ नको, ते चिरंजीव, चिरनिद्रा यांच्या पंगतीत जाऊन बसतं. माझं मत थकबाकीलाच. वहिनींना ते सांगायला काल फोन केला, तर म्हणाल्या, “भावजी, वसुली चालू आहे. परवा करा.”